एरिक्सन : एका आडनावाची कथा

पाठाची ओळख

शाळेचा दाखला असो, शिधापत्रिका असो, मतदार यादी असो वा बँकेचे खाते. प्रत्येक ठिकाणी आपल्याला 'संपूर्ण नाव' लिहावे लागते. मराठी माणूस प्रथम स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव लिहितो. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो की, नावाची अशी रचना का झाली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. जगाच्या निरनिराळ्या भागांत नावे ठेवण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक रीतीमागे त्या त्या समाजाचा इतिहास दडलेला आहे.

प्रस्तुत पाठात युरोपच्या उत्तरेकडील स्कँडिनेव्हिया या प्रदेशातील एका आडनावाचा परिचय करून घ्यावयाचा आहे. ते आडनाव म्हणजे 'एरिक्सन'. या आडनावाने एक दर्यावर्दी ओळखला गेला, एक अभियंता ओळखला गेला, एक मानसशास्त्रज्ञ ओळखला गेला. आणि एक कारखानाही याच नावाने जगभर पोहोचला. या सर्वांत रक्ताचे नाते नाही. मग त्यांना जोडणारे सूत्र कोणते? आणि आडनावातून माणसाची खरी ओळख कितपत पटते?

'एरिकचा मुलगा'

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या देशांना मिळून स्कँडिनेव्हिया म्हणतात. भाषा आणि परंपरा यांच्या दृष्टीने आइसलँड हे बेटही त्यांच्या जवळचे आहे. या प्रदेशात प्राचीन काळी घराण्याचे कायम आडनाव अशी गोष्ट सामान्य लोकांत नव्हती. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावून त्याला 'मुलगा' या अर्थाचा प्रत्यय जोडीत आणि मुलीच्या बाबतीत 'मुलगी' या अर्थाचा. स्वीडनमध्ये हे प्रत्यय 'सन' व 'डॉटर' असे होते. डेन्मार्क व नॉर्वे येथे 'सन'च्या जागी 'सेन' रूढ झाले. म्हणून एरिक नावाच्या माणसाचा मुलगा तो स्वीडनमध्ये 'एरिक्सन' आणि डेन्मार्कमध्ये 'एरिक्सेन'. रोमन लिपीत या नावाची अनेक रूपे आढळतात. कोणी त्यात 'सी' हे अक्षर घालतो, कोणी 'के'. कोणी एक 'एस' लिहितो, कोणी दोन. देवनागरीत मात्र ती बहुतेक सारी 'एरिक्सन' याच एका रूपात येऊन मिळतात.

या पद्धतीत नाव प्रत्येक पिढीत बदलत असे. एरिकचा मुलगा लार्स एरिक्सन. पण लार्सचा मुलगा एरिक्सन नव्हे, तर लार्सन. एकाच घरातील आजोबा, वडील आणि नातू यांची 'आडनावे' अशी तीन प्रकारची असत, आणि भाऊ-बहिणीचीही वेगळी. मराठी वाचकाला ही रीत अगदीच परकी वाटू नये. पेशव्यांच्या काळातील नावे आठवावीत. बाळाजी विश्वनाथ म्हणजे विश्वनाथांचे पुत्र बाळाजी आणि बाळाजी बाजीराव म्हणजे बाजीरावांचे पुत्र बाळाजी. येथेही व्यक्तीची ओळख आडनावापेक्षा वडिलांच्या नावाने अधिक होत असे. फरक इतकाच की, आपण प्रत्यय न जोडता वडिलांचे नाव तसेच पुढे ठेवतो.

ही पद्धत लहान गावात सोयीची होती. पण लोकसंख्या वाढली, सैन्य उभे राहिले, करांच्या नोंदी होऊ लागल्या, तेव्हा अडचणी येऊ लागल्या. स्वीडनच्या सैन्यात एकाच तुकडीत अनेक एरिक्सन आणि अनेक अँडरसन असत. आज्ञा नेमकी कोणाला दिली हे कळावे म्हणून शिपायांना निराळी, आटोपशीर नावे दिली जात; 'रास्क' म्हणजे चपळ, 'मोडिग' म्हणजे शूर. यांतील काही नावे पुढे आडनावे म्हणून टिकली. हळूहळू शहरी कुटुंबांनी वडिलांचे नाव बदलत न ठेवता तेच पुढच्या पिढ्यांना लावण्यास सुरुवात केली. स्वीडनमध्ये १९०१ साली कौटुंबिक नावांविषयीचा नियम झाला आणि कायम आडनावाची पद्धत पक्की झाली.

त्यामुळे एक गमतीची स्थिती निर्माण झाली. आज स्वीडनमधील अतिशय प्रचलित आडनावांत एरिक्सनची गणना होते; पण ते लावणाऱ्या बहुतेकांच्या वडिलांचे नाव एरिक नसते. इतकेच नव्हे, तर स्त्रियाही हेच आडनाव लावतात. म्हणजे शब्दशः पाहिले तर त्या 'एरिकचा मुलगा' ठरतात! 'डॉटर' हा प्रत्यय तेथील व्यवहारातून मागे पडला. आइसलँडने मात्र जुनी रीत आजही जपली आहे. १९८० साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या विग्दिस फिनबोगादोत्तिर यांचे नाव पाहा. त्याचा अर्थ 'फिनबोगीची मुलगी विग्दिस' असा आहे. आइसलँडच्या दूरध्वनी सूचीत माणसे शोधायची ती आडनावाने नव्हे, तर स्वतःच्या नावाने.

समुद्रापलीकडे गेलेला एरिक्सन

या नावाचा जगाच्या इतिहासातील पहिला मोठा मानकरी म्हणजे लेइफ एरिक्सन. त्याच्या बाबतीत हे आडनाव नव्हतेच. तो खरोखरच एरिकचा मुलगा होता. त्याचा पिता 'तांबडा एरिक' या नावाने प्रसिद्ध असून त्याने ग्रीनलँडमध्ये वसाहत स्थापन केली. एरिकच्या वडिलांचे नाव थोरवाल्ड, म्हणून तो स्वतः थोरवाल्डसन. आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या जुन्या कथांनुसार, सुमारे इ. स. १००० मध्ये लेइफ ग्रीनलँडहून पश्चिमेकडे निघाला आणि एका नव्या भूमीवर जाऊन पोहोचला. तिला 'विनलँड' असे म्हटले गेले. ही भूमी म्हणजे उत्तर अमेरिकेचा किनारा होय. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला, त्याच्या सुमारे पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

पुष्कळ काळ या कथांना दंतकथा मानले जाई. १९६० साली नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड आणि त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन स्टिने इंगस्टाड यांना कॅनडातील न्यूफाउंडलँड बेटाच्या उत्तर टोकाला स्कँडिनेव्हियन धाटणीच्या घरांचे अवशेष सापडले. तेथील लाकडांच्या अभ्यासावरून ती झाडे इ. स. १०२१ साली तोडली गेली होती, असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. त्या घरांत स्वतः लेइफ राहिला होता की नाही, हे अवशेष सांगत नाहीत. पण त्याच्या लोकांनी महासागर ओलांडला होता, याविषयी आता शंका उरलेली नाही.

दोन भाऊ आणि एका अक्षराचे अंतर

आता आठशे वर्षे पुढे येऊ. स्वीडनच्या व्हेर्मलांड प्रांतात १८०२ साली नील्स आणि १८०३ साली जॉन या भावांचा जन्म झाला. त्यांचे वडील ओलोफ एरिक्सन खाणकामाशी संबंधित होते. जुन्या रीतीने या मुलांची नावे 'ओलोफसन' व्हावयास हवी होती. परंतु या घरात एरिक्सन हे आडनाव तोवर स्थिर झाले होते. वडिलांना धंद्यात खोट आली आणि कुटुंब गोता कालव्याच्या बांधकामावर गेले. तेथे कालव्याच्या कामावरच दोन्ही मुलांचे अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. मोजमाप घेणे, आराखडे काढणे, यंत्रे पाहणे हीच त्यांची पाठशाळा होती.

जॉन एरिक्सन १८२६ साली इंग्लंडला गेले. १८२९ मध्ये रेनहिल येथे आगगाडीच्या इंजिनांची प्रसिद्ध स्पर्धा झाली. तीत त्यांनी जॉन ब्रेथवेट यांच्यासह 'नॉव्हेल्टी' हे इंजिन उतरवले. ते वेगाने धावले, पण मध्येच बिघडले आणि बक्षीस स्टीव्हन्सन यांच्या 'रॉकेट'ला मिळाले. पुढे जॉन यांनी जहाजाच्या मागील बाजूस पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा विकसित केला. बाजूला मोठी चाके लावलेल्या जहाजांपेक्षा ही रचना युद्धात अधिक सुरक्षित होती, कारण शत्रूच्या गोळ्यांना ती सहज सापडत नसे. १८३९ साली ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेवर १८४४ मध्ये एक तोफ फुटून मंत्र्यांसह अनेक जण ठार झाले. ती तोफ जॉन यांनी घडवलेली नव्हती. तरीही दोष त्यांच्या माथी मारण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांचे पैसेही अडकून पडले.

असे असूनही यादवी युद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाला पुन्हा त्यांचीच मदत घ्यावी लागली. अवघ्या काही महिन्यांत त्यांनी लोखंडी चिलखताची 'मॉनिटर' ही युद्धनौका उभी केली. तिच्या सपाट पाठीवर सर्व बाजूंना फिरणारा तोफांचा बुरूज होता. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे तिची दक्षिणेच्या चिलखती नौकेशी झुंज झाली. लढाई अनिर्णित राहिली. पण लाकडी युद्धनौकांचे युग संपले, हे साऱ्या जगाने ओळखले. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांवरही जॉन यांनी दीर्घ काळ काम केले. यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही 'एरिक्सन चक्र' शिकतात, ते त्यांच्याच नावाचे. उतारवयात ते सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवण्याचे प्रयोग करीत होते. १८८९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी अमेरिकी युद्धनौकेने त्यांचे पार्थिव स्वीडनला पोहोचवले.

थोरले बंधू नील्स मायदेशीच राहिले. कालवे आणि पुढे स्वीडनचे सरकारी लोहमार्ग यांच्या बांधणीचे ते सूत्रधार झाले. १८५४ साली त्यांना सरदारकीचा मान मिळाला आणि त्यांनी आपल्या आडनावातील एक 'एस' कमी केला. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या दोन भावांच्या आडनावात असे एका अक्षराचे अंतर पडले.

कारखान्यावर कोरलेले नाव

एरिक्सन हे नाव घराघरांत पोहोचले ते मात्र तिसऱ्याच माणसामुळे. लार्स मॅग्नस एरिक्सन यांचा जन्म १८४६ साली त्याच व्हेर्मलांड प्रांतात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव खरोखरच एरिक होते आणि आईचे नाव मारिया योन्सडॉटर. लार्स बारा वर्षांचे असताना वडील वारले. शाळा सुटली आणि मुलाला कामाला लागावे लागले. खाणीत, लोहाराच्या भात्यापाशी त्यांचे पौगंडवय गेले. पुढे ते स्टॉकहोमला तारायंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. दिवसभर काम करून त्यांनी भाषा, गणित आणि रेखांकन यांचा अभ्यास केला. त्यांची हातोटी पाहून त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते जर्मनी व स्वित्झर्लंड येथील कारखान्यांत काम शिकून आले.

१८७६ साली त्यांनी कार्ल योहान अँडरसन यांच्याबरोबर स्टॉकहोममध्ये तारायंत्रे दुरुस्त करण्याचे एक लहानसे दुकान काढले. त्याच वर्षी अमेरिकेत अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे एकस्व मिळाले. लवकरच हे नवे यंत्र स्वीडनमध्ये आले आणि दुरुस्तीसाठी एरिक्सन यांच्या हाती पडू लागले. दुरुस्त करता करता त्यांनी यंत्राचे गुणदोष जाणले आणि स्वतःचा अधिक चांगला टेलिफोन तयार केला. त्यांच्या पत्नी हिल्डा याही या उद्योगात सहभागी होत्या. टेलिफोनसाठी लागणारी तारेची वेटोळी त्या घरी गुंडाळीत असत. पुढे एच. टी. सेडरग्रेन यांनी १८८३ मध्ये स्टॉकहोममध्ये स्वस्त दराने टेलिफोन देणारी कंपनी काढली आणि तिला यंत्रे पुरवण्याचे काम एरिक्सन यांच्या कारखान्याला मिळाले. काही वर्षांतच स्टॉकहोम हे जगातील सर्वाधिक टेलिफोन असलेल्या शहरांपैकी एक बनले.

या कंपनीचा भारताशी संबंधही जुना आहे. १९०३ साली तिने भारत सरकारला हाताने चालवावयाचे टेलिफोनचे स्विचबोर्ड पुरवले आणि १९९४ पासून पुण्यात तिचे उत्पादन सुरू झाले. २००१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीशी भागीदारी झाल्यावर 'सोनी एरिक्सन' हे मोबाइल संच बाजारात आले. २०१२ साली ही भागीदारी संपली आणि संचांवरून एरिक्सन हे नाव पुसले गेले. मात्र संभाषण ज्या जाळ्यातून वाहते त्या जाळ्याची यंत्रसामग्री बनवण्याचे काम ही कंपनी करीतच राहिली.

लार्स मॅग्नस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीचा कारभार सोडला आणि ते शेतीकडे वळले. १९२६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या कबरीवर नावाचा दगड बसवलेला नाही. ज्यांचे नाव जगभरच्या यंत्रांवर कोरले गेले, त्यांनी आपल्या अंतिम विश्रांतिस्थानी ते कोरू नये असे सांगावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

तंत्रज्ञानातील नावे

याच कंपनीत जन्मलेल्या दोन तंत्रज्ञानांच्या नावांतही स्कँडिनेव्हियाचा इतिहास डोकावतो. तारेशिवाय दोन उपकरणे जोडणारे 'ब्लूटूथ' हे तंत्रज्ञान १९९४ पासून एरिक्सनच्या स्वीडनमधील लुंड येथील केंद्रात विकसित होऊ लागले. १९९८ मध्ये ते पुढे नेण्यासाठी पाच कंपन्या एकत्र आल्या. त्याला मिळालेले नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातील राजाचे आहे. हाराल्ड हे त्याचे नाव, 'निळा दात' अशा अर्थाचे त्याचे टोपणनाव, आणि गोर्म राजाचा मुलगा म्हणून तो 'गोर्मसन'. त्याने डेन्मार्कमधील लोकांना एका सत्तेखाली आणले, तसे हे तंत्रज्ञान निरनिराळ्या उपकरणांना जोडील, अशी त्यामागची कल्पना. ब्लूटूथचे चिन्हही त्याच्या नावाच्या आद्याक्षरांच्या प्राचीन लिपीतील रूपांवरून घडवले आहे. दुसरे नाव 'अरलँग'. ही १९८० च्या दशकात एरिक्सनच्या प्रयोगशाळेत तयार झालेली संगणकाची भाषा आहे. टेलिफोनच्या वाहतुकीचे गणित मांडणारे डॅनिश गणिती अग्नेर क्रारुप अरलँग यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले.

आडनाव निवडणारा माणूस

आतापर्यंत पाहिलेल्या सर्वांना आडनाव वारशाने मिळाले. एका व्यक्तीने मात्र ते स्वतः घडवले. एरिक एरिक्सन यांचा जन्म १९०२ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. त्यांची आई डेन्मार्कची ज्यू स्त्री होती. आपला जन्मदाता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. आईने पुनर्विवाह केल्यावर सावत्र वडिलांचे 'होम्बुर्गर' हे आडनाव त्यांना मिळाले. १९३३ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९३९ साली तेथील नागरिकत्व घेताना त्यांनी 'एरिक्सन' हे आडनाव धारण केले. एरिकचा मुलगा एरिक! जणू आपण आपलेच जनक आहोत, असा अर्थ त्यातून निघतो.

'मी कोण?' हा प्रश्न ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यात इतका खोल होता, त्यांनीच तो मानसशास्त्रात मांडला. तरुण वयात स्वतःची ओळख शोधताना मनाची जी ओढाताण होते, तिला त्यांनी 'अस्मितेचा पेच' या अर्थाची संज्ञा दिली आणि जन्मापासून वार्धक्यापर्यंत माणसाच्या विकासाच्या आठ अवस्था सांगितल्या. आपल्याकडील शिक्षकांच्या प्रशिक्षणातही त्या शिकवल्या जातात. विशेष म्हणजे त्यांनी विद्यापीठाची कोणतीही पदवी घेतलेली नव्हती. तरी हार्वर्ड विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या लढ्याच्या आधारे महात्मा गांधींवर लिहिलेले त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

याच आडनावाचे आणखी एक मानसशास्त्रज्ञ म्हणजे स्वीडनचे अँडर्स एरिक्सन (१९४७–२०२०). बर्लिनमधील व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली असे मांडले की, प्रावीण्य हे मुख्यतः हेतुपूर्वक केलेल्या सरावातून येते. सराव म्हणजे केवळ तास मोजणे नव्हे. आपण कोठे चुकतो हे ओळखून, जाणकाराच्या मार्गदर्शनाने नेमका तोच भाग सुधारणे, हा खरा सराव होय. ठरावीक इतके तास भरले की कोणीही निष्णात होतो, हा समज त्यांना मान्य नव्हता.

समारोप

एरिक्सन या एका शब्दाचा प्रवास आपण पाहिला. प्रारंभी तो केवळ 'अमुक माणसाचा मुलगा' एवढेच सांगणारा शब्द होता. पुढे तो घराण्याचे आडनाव झाला, मग उद्योगाचे नाव झाला, अभियांत्रिकीची संज्ञा झाला आणि एका माणसाच्या बाबतीत स्वेच्छेने निवडलेली ओळखही झाला. मुंबईत १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापन केलेल्या 'लार्सन अँड टुब्रो' या कंपनीचे नाव आपण नित्य ऐकतो. त्यातील 'लार्सन' म्हणजे 'लार्सचा मुलगा', हे आता सहज उलगडेल.

आपल्या समाजात आडनाव ऐकताच माणसाचे गाव, जात, कुळ यांचा तर्क करण्याची सवय आहे. एरिक्सन मंडळींची उदाहरणे या सवयीकडे सावधपणे पाहायला शिकवतात. एका एरिक्सनचे शिक्षण कालव्याच्या कामावर झाले, दुसऱ्याची शाळा बाराव्या वर्षी सुटली, तिसऱ्याला पदवी नव्हती आणि पित्याचे नावही ठाऊक नव्हते. त्यांच्या आडनावातून यांतले काहीच कळत नाही. ते कळते त्यांच्या कामातून. आडनाव आपल्याला आपल्या आधीच्या पिढ्यांकडून मिळते; त्याचा अर्थ काय राहील, हे मात्र आपण काय करतो त्यावर ठरते.

विचार करा व लिहा

१. स्कँडिनेव्हियातील जुनी नावपद्धती आणि मराठी नावपद्धती यांतील साम्य व फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. लार्स मॅग्नस एरिक्सन यांनी काम करता करता शिक्षण कसे मिळवले, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. एरिक एरिक्सन यांनी निवडलेल्या आडनावाचा तुम्हाला जाणवलेला अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या आडनावाचा उगम घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यावर एक परिच्छेद लिहा.